आतल्या माणसाचा रकाना

आरोग्य खात्यातल्या त्या अधिकाऱ्याच्या तक्त्यात एक रकाना होता: प्रयोगशाळेतला रोगजंतू आतल्याच माणसाने बाहेर नेण्याची शक्यता, शून्य ते पाच. कुणी मुद्दाम साथ पसरवली तर शहरात कोणतं औषध किती साठवायचं, ते या तक्त्यावरून ठरे. सात वर्षं तो तिथे निमूटपणे शून्य मांडत आला होता. जंतूंच्या कुप्या ठेवलेल्या फ्रीझरची किल्ली त्याच्या मेव्हण्याकडे होती, आणि बायकोच्या भावावर संशय घेऊन घरी कोणत्या तोंडाने जायचं?

यंदा नव्या संचालकबाईंनी विचारलं, "हे शून्य डोळ्यांनी बघून दिलंय, की डोळे मिटून?"

म्हणून आज तो प्रयोगशाळेच्या तळघरात उतरला.

"या भाऊजी," मेव्हणा हसला. "पाहुणचार थंडच मिळेल इथे. ताईनं झडतीला पाठवलं वाटतं?"

"मोजायचंय फक्त."

"मोजा की. सात वर्षांनी का होईना, आठवण झाली."

मेव्हण्याने हातमोजे चढवून कप्पा ओढला. चाळीस कुप्या. नोंदवहीतही चाळीस. अधिकाऱ्याच्या जिवात जीव आला. उगाच आलो, असंही वाटलं. मग त्याची नजर अडली. बाकी सगळ्या कुप्यांवरच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, निवृत्त झालेल्या भांडारपालाच्या तिरप्या अक्षरातल्या. एकच कोरी पांढरी, आणि त्या कुपीवर बर्फाचा कणसुद्धा धरला नव्हता.

"ही नवी कशी?"

"जुनी फुटली."

"मग नोंद?"

"तुम्हाला बुवा सगळ्याची नोंद लागते."

"आत काय आहे?"

"पाणी." मेव्हणा हातमोज्याचं एकेक बोट ओढत होता.

"आणि आधी होतं ते?"

मेव्हण्याने कप्पा आत ढकलला, दार लावलं. "ताईला म्हणावं, रविवारी जेवायला येत नाही. आणि तिला, पोरीला घेऊन काही दिवस लांब कुठेतरी जाऊन या. उद्याच निघा."

अधिकारी जिना चढला. वरच्या पायरीवरूनच त्याने संचालकबाईंना फोन लावला. खाली किल्ली फिरल्याचा आवाज आला.

"बाई, ते शून्य चुकलं. एक कुपी बाहेर गेलीय. माझ्या मेव्हण्यानं नेलीय." "पोलिसांना कळवा. आणि औषध बाहेर काढायला सांगा."



"कुठलं औषध?" बाई म्हणाल्या. "तुमच्या शून्यावर विसंबून आपण ते कधी घेतलंच नाही."