साडूचं पत्रक

माझा साडू नगरपालिकेत लेखापाल आणि मी कोषागारात. दर महिन्याला त्यांच्या जमाखर्चाचं पत्रक माझ्या टेबलावर येतं. आमचे आकडे जुळून मी सही केल्याशिवाय पालिकेचं पुढचं अनुदान सुटत नाही. स्वतःच्या लग्नात या गृहस्थाने मला चारचौघांत ‘कारकुंडा’ म्हटलं होतं, तेव्हा ही सोय देवाने मुद्दामच केली असणार.

या वेळी त्याने बाजारातल्या गाळ्यांचं भाडं पाणीपट्टीत दाखवलं. बेरीज बरोबर, खातं चुकीचं. खोडून बाजूला सही केली की काम भागतं. इतरांचं मी तसंच चालवून घेतो. त्याचं पत्रक मात्र परत पाठवलं, वर शेरा मारला: चूक लेखी मान्य करावी.

लगेच फोन आला.

"चूक तुमच्याकडची. आमचं चलन बरोबर होतं."

"मग तसं लिहून द्या."

"आधी तुमच्या माणसांना वाचायला शिकवा."

"अनुदान अडलं तर पेन्शनवाले तुमच्या दारात बसतील."

"बसू देत. अडवणारे तुम्ही."

त्या पेन्शनवाल्यांत आमच्या सासूबाईही होत्या, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. हे त्याला माहीत होतं, मलाही. "आईचं औषध त्याच पैशांवर चालतं. करा की सही, काय नाक कापलं जाणार आहे?" हे बायकोच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटले. तिकडे तिची बहीणही नवऱ्याच्या मागे लागली होती. तोही ढिम्म हलला नाही.

एक तारखेला पेन्शन झाली नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. म्हटलं, आता गडी नमतो.

दोन दिवसांनी सासूबाईच टेबलासमोर उभ्या राहिल्या, हातात अर्ज. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"आई, तुम्ही कशाला आलात? औषधाचे पैसे मी पाठवतो ना."

"तुमचे नकोत. माझे हवेत."

"अहो, हे सगळं त्याच्यामुळे..."

"तिकडच्या साहेबांनी इकडे पाठवलं," त्या म्हणाल्या. "पोच द्या, साहेब."

आजवर मला जावईबापूंशिवाय दुसरी हाक न मारलेल्या बाईंना मी शिक्का मारून पोच दिली. त्यांनी ती नीट वाचली, पर्समध्ये ठेवली आणि लेकीची चौकशीही न करता मागच्या माणसाला जागा करून दिली.