नव्वद टक्क्यांच्या आत

आठवडाभर आम्हाला छळणारा चोर अखेर सापडला, तेव्हा मी खुर्चीतून अक्षरशः उडालो. आमच्या मुख्य यंत्रावर दिवसभर निरनिराळी कामं चालतात, आणि कुठल्या कामाने यंत्राची किती ताकद (सीपीयू) खाल्ली याची नोंद यंत्र स्वतःच ठेवतं. त्या नोंदी चाळता चाळता कुणीच न लावलेलं एक बिननावाचं काम माझ्या हाती लागलं.

"आता पळून दाखव म्हणावं!" शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले. आम्ही लगेच नियम लावला: हे काम नव्वद टक्क्यांवर गेलं की यंत्राने ते कायमचं बंद करायचं. असले नियम लावायला आणि काढायलाही दोघांचे पासवर्ड लागतात, एकाच्या वेंधळेपणाने घोटाळा होऊ नये म्हणून.

मग गंमत दिसली. मी हसलो की पडद्यावरचा त्या कामाचा आकडा चढायचा. मनातल्या मनात सतराचा पाढा म्हटला, चढला. डोळे मिटून स्वस्थ बसलो, उतरला! मला भलताच चेव आला. खात्री करायला मी ते काम पंधरा मिनिटं थांबून आपोआप पुन्हा सुरू होईल असं लावलं आणि बटण दाबलं.

समोरचा मघाशी वाफाळणारा चहा आता गार होता. मधे काहीच नव्हतं, झोपसुद्धा नाही. पडद्यावर ओळ आली होती: काम पुन्हा सुरू.

"भाऊसाहेब जेवायला गेले," दारातून टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या. "दोन हाका मारल्या त्यांनी. तुम्ही आपले टक लावून बसलेले."

मी चरकलो, आकडा ऐंशीवर गेला. भाऊसाहेबांचा फोन टेबलावरच होता, आणि काम पुन्हा थांबवायची माझी छाती होईना. ते नियम काढायला येईपर्यंत डोकं थंड ठेवायचं, बस्स. कोऱ्या भिंतीकडे बघत सावकाश श्वास घेत राहिलो. साठ. पन्नास. चाळीस! जमलं की, म्हणून हसू फुटत होतं, ते दाबलं.

तेवढ्यात आईचा फोन आला. न उचलावा तर काळजीने आकडा चढू लागला, म्हणून उचलला.

"अरे, मामा झालास!" आई हसत होती की रडत होती, कळेना. "मुलगी! दोघी अगदी छान आहेत. इतकी वर्षं ताईने वाट बघितली रे… ऐकतोयस ना?"

"हो," मी शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणालो. सत्त्याऐंशी.

"असा काय बोलतोस? थांब, तिचा आवाजच ऐक," असं म्हणून आईने फोन बाळाच्या तोंडाशी धरला.