घ्यायचं नसलेलं नाव

"सगळ्यांना ठिगळ लागलं," असं डार्विन शहरातल्या मुख्य कचेरीला कळवून मॅक्सीन चहाला बसते न बसते, तोच फोन वाजला.

"मावशी, एक अजून उघडंच आहे," पलीकडून तिथला कॅलम म्हणाला.

आदिवासी वस्तीतल्या गाणी साठवायच्या केंद्रातले कॉम्प्युटर मॅक्सीन सांभाळायची. परवाच त्यांच्या मूळ प्रणालीत एक भोक सापडलं होतं. चोर त्यातून शिरून आतल्या सगळ्याला कुलूप घालत. ते बुजवणारं ठिगळ आल्याबरोबर मॅक्सीन हाका मारत खोल्याखोल्यांतून फिरली होती. तिच्या थोरल्या बहिणीने हौसेनं प्रत्येक यंत्राला वस्तीतल्या बायकांची नावं दिली होती, एकाला स्वतःचंही.

"कुठलं रे?"

"थांबा, वाचतो. हे काय..."

"नाव घेऊ नकोस!" चहा मांडीवर सांडला.

बहीण हिवाळ्यात गेली. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं किंवा आवाज ऐकला की ते वळून बघतं, मग त्याला पुढची वाट सापडत नाही. म्हणून तिची खोली लोटून घेतलेली. यंत्राला ना कुणी हाक मारली, ना विझवलं.

"मग म्हणू तरी काय?"

"कुमुन्जायी म्हण. गेलेल्या सगळ्यांना आम्ही तेच म्हणतो."

"बरं. या कुमुन्जायीचं दार कुणीतरी बाहेरून ठोठावतंय, मावशी. संध्याकाळपर्यंत ठिगळ लावा, नाहीतर चोर बाकीच्यांत पसरायच्या आत मला इथून त्यातलं सगळं पुसावं लागेल."

म्हाताऱ्यांची गाणी त्या एकाच यंत्रात होती. गाणाऱ्यांपैकी आता कुणीच उरलं नव्हतं.

मॅक्सीनने बहिणीच्या लेकीला, लिओनाला, बोलावलं. दोघींनी गेलेल्याच्या खोलीत जाताना करतात तसा उंबऱ्यात ओला पाला जाळून धूर केला नि आत शिरल्या. अंधारात हिरवा दिवा जागाच होता, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. मॅक्सीनने जुन्या नावावर 'कुमुन्जायी' लिहिलं, ठिगळ लावलं. पडदा काळा झाला. यंत्र आता पुन्हा उठणार.

आणि तिला आठवलं. उठताना ते बोलायचं. बहिणीने भरून ठेवलेल्या तिच्याच आवाजात: उठा गं बायांनो, किती लोळाल!

"धाकटे आई, बंद कर ते!" लिओना किंचाळली.

"मधेच विझवलं तर गाणी जातील. कान झाक!"

लिओनाने कान झाकले. मॅक्सीनचे दोन्ही हात मात्र यंत्राच्या आवाजाच्या जाळीवर गेले, घट्ट. तळव्याखाली काहीतरी हसलं, ऊबदार, आणि थांबलं.

"बोललं?" लिओनाने भीतभीत विचारलं.

"छे! नुसतं थरथरलं."

बाजूला चालू ठेवलेल्या फोनवर कॅलम म्हणत होता, "दिसतेय मावशी, कुमुन्जायी दिसतेय. दार लागलं."

मॅक्सीनने हात उचलले नाहीत.