औषध कालवणारी

सकाळची उन्हं अंगणात पोचली की त्या घरातली कामं आपोआप वाटली जात. धाकटा मुलगा फवारणीचा पंप धुवायला घेई, त्याची बायको, म्हणजे धाकटी, आत दूध तापत ठेवी आणि थोरली सून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये निळ्या बादलीपुढे बसे. नवरा गेल्यापासून औषध कालवणं थोरलीकडे होतं. त्याआधी ते सासूकडे होतं, कारण सासूही विधवाच. लेकुरवाळीनं विषाला हात लावू नये, असा त्या गावचा रिवाज. जिचं पुढं काही व्हायचं नाही तिनं लावला तर चालतो, हा त्याच रिवाजाचा न बोललेला भाग.

यंदा सोयाबीनवर तांबेरा लवकर आला. पानांच्या खालच्या अंगाला तांबूस पूड दिसू लागली. नेहमीचं बुरशीनाशक आता त्या रोगाच्या अंगवळणी पडलं होतं. शेतीशाळेत सल्लागार बाईंनी नवा उपाय सांगितला: औषध निम्मं घ्या आणि त्यात उग्र वासाच्या पाल्याचा अर्क मिसळा, अर्क औषधाला पानात खोल नेतो, दोन्ही मिळून रोगाला आवरतात. हातमोजे आणि काठी वापरायचंही त्यांनी बजावलं. धाकट्यानं उपाय तेवढा लक्षात ठेवला. मिळालेले हातमोजे, नवे आहेत, खराब होतील, म्हणून कपाटात ठेवून दिले. अर्धवट ऐकून पूर्ण शहाणा झालेला माणूस घरात असला की बाकीच्यांचं काही खरं नसतं.

"वहिनी, आता निम्मं औषध आणि वरून झाडपाला," त्यानं सांगितलं. "सौम्य आहे. हाताला लागलं तरी काही होत नाही."

आयजीच्या जिवावर बायजी उदार.

अर्क तेलकट, त्यात पावडरच्या गुठळ्या होत. गुठळी राहिली की पंपाचं तोंड चोंदे आणि धाकट्याचं डोकं फिरे. काठीनं गुठळ्या लवकर फुटत नसत, म्हणून थोरली कोपरापर्यंत हात बुडवून एकेक गुठळी बोटांनी चुरडत बसे. वास बरा होता, मसाल्याच्या डब्यासारखा.

मग तिच्या हातून कप पडू लागले. सुईत दोरा ओवता येईना. धाकटीनं विचारलं, तेव्हा उत्तर सासूनंच दिलं. आपली जाड झालेली बोटं पुढं करून ती म्हणाली, नवरा गेला की दुःख हळूहळू हातात उतरतं. शेजारच्या दोघींचंही तसंच झालंय. गावातल्या विधवांचे हात खरंच बधिर होते. त्या सगळ्या औषध कालवत, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका सकाळी थोरलीनं उकळत्या दुधाचं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं आणि ते तसंच धरून ती धाकटीशी बोलत राहिली. कातडी जळल्याचा वास आला तो धाकटीला. थोरलीला काहीच कळलं नव्हतं. जखमा चिघळल्या आणि दवाखान्यात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

सल्लागार बाई तिला भेटायला आल्या. तो हात बघून त्यांनी आधी औषध कोण कालवतं ते विचारलं.

"जो अर्क औषधाला पानात नेतो, तो कातडीतही नेणारच," त्या धाकटीला म्हणाल्या. "मी सगळं सांगितलं होतं गं. पण ऐकायला पुरुष येतात आणि कालवायला या बसतात."

पीक मात्र दृष्ट लागावी असं बहरलं. पुढच्या फवारणीला निळी बादली पुन्हा भरली गेली. थोरली अजून दवाखान्यातच होती, म्हणून सासू बाह्या सारून खाली बसली.

"आई, थांबा," धाकटी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आधी तुम्ही हात घाला."

"मी कशाला?"

"सौम्य आहे ना? वहिनींना तुम्हीच सांगितलं होतं. घाला."

धाकट्याचा हात थोडा पुढं गेला आणि पाण्याला टेकायच्या आधीच मागं आला. दोन्ही हात पाठीशी घेऊन तो भिंतीकडे बघत उभा राहिला. धाकटीनं कपाटातले हातमोजे आणून त्याच्यापुढं टाकले. आजपासून जो फवारेल तोच कालवेल, काठीनं आणि मोजे घालून, नाहीतर शेताचं व्हायचं ते होऊ दे, असं तिनं शांतपणे सांगितलं.

सासू अजून मुलाकडेच बघत होती.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. तिनं आपली बोटं एकमेकांवर घासून पाहिली. "आणि मी इतकी वर्षं हे तुझ्या बापाचं दुःख म्हणून जपलं."

ते सोयाबीन पुढं बाजारात गेलं. कदाचित तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातही आलं असेल. घरातलं विष कालवायला आपण कुणाला बसवतो, एवढं मात्र ज्यानं त्यानं आपल्या घरात डोकावून बघावं.