चाळिसाव्या दिवशी बोललेली गिरणी

पार्तिनीच्या भातगिरणीपुढे ही झुंबड! फुलं काय, धूप काय, पोरांची रडारड काय. जावामधल्या त्या गावात एवढी माणसं लग्नालाही जमत नसत. इंजिन सुरू झालं की गिरणीच्या फिरत्या लोखंडी दांड्यातून "ऊंऽऽ" असा आवाज यायचा आणि खाली पिवळीधमक पूड झरायची.

"ऐका! सास्त्रो बोलतोय!" म्बाह जोयो ओरडला. हा गावचा मांत्रिक; तिकडे आजोबांना म्बाह, काकांना पाक आणि बाईला बू म्हणतात. गळ्यात अकरा माळा, पायात कोरे करकरीत बूट. "मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गिरणीत शिरलाय. बायकोला सोनं देतोय! आता शंभराव्या दिवसाचं जेवण होईपर्यंत तेलाचा थेंब लावू नका. तेलावरून आत्मा घसरतो!"

सोनं मात्र तोच झोळीत भरत होता, म्हणे शुद्ध करायला.

पार्तिनीचे डोळे भरून आले. सास्त्रो तिचा नवरा. जिवंतपणी दिवसाला चार शब्द बोलायचा, तेही "भात वाढ" एवढेच. आता बोलतोय ना, बोलू दे बापडा! जोयोचं ऐकून तेलाचा डबा तिनेच माळ्यावर टाकला होता.

तेवढ्यात पाक तुगिमान भाताचं पोतं घेऊन आला. साखर कारखान्यातला निवृत्त फिटर. त्याने दांड्याच्या बैठकीला बोट लावलं आणि चटका बसून झटकलं.

"बू पार्तिनी, आत्म्याला ताप आलाय की!"

"थट्टा नको, पाक. माझा माणूस आहे तो."

तुगिमान वरमला. "चुकलो. जरा इंजिन बंद कर."

त्याने नटबोल्ट सोडवून दांडा ज्यात फिरतो तो पितळी बुश बाहेर काढला. एका बाजूने बोटभर जाड, दुसऱ्या बाजूने पानासारखा पातळ.

"हे तुझं सोनं. कोरड्या लोखंडाने पितळ किसलंय, खोबरं किसावं तसं. दांडा अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, म्हणून कण्हतो. चार दिवसांत हा बुश फाटेल. सुगी तोंडावर आलीय, मग भात कुठे भरडणार?"

"नास्तिक मेला!" जोयो कडाडला.

तुगिमानने बुश बसवला, खिशातल्या बाटलीतलं तेल घातलं, इंजिन चालू केलं. आवाज गप्प.

"बघा, आत्मा रागावून गेला!"

"थांब, बोलावतो परत." तुगिमानने सगळं रॉकेलने धुऊन कोरडं केलं. "ऊंऽऽ!" पुन्हा तेल, पुन्हा गप्प. "म्बाह, तुमचा आत्मा रॉकेलवर येतो वाटतं?"

गर्दी खो खो हसली. पार्तिनी हसली नाही. "पण मग नेमकं चाळिसाव्यालाच कसं?"

"सास्त्रो रोज पहाटे काय करायचा?"

"तेल घालायचा. एक दिवस चुकला नाही."

"आणि तो गेल्यावर कुणी घातलं? त्याने घातलेलं होतं ते चाळीस दिवस पुरलं, इतकंच."

तिने माळ्याकडे पाहिलं. पदर नव्हता, म्हणून बाहीनेच डोळे पुसले. "म्हणजे तो गप्प राहून माझी गिरणी सांभाळत होता. आणि मी त्याचाच डबा फेकून दिला!"

मग तिने माळ्यावरून डबा काढला आणि स्वतःच्या हाताने दांड्यात तेल सोडलं. जोयो झोळी सावरत सटकत होता. पार्तिनीने त्याला अडवलं.

"म्बाह, पितळ ठेवून जा! नवा बुश ओतायचाय. आणि तुम्ही सगळे, फुलं उचला. उद्या कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी यंत्र उघडून बघा. मी नाही बघितलं, गिरणी मरता मरता वाचली!"