संत्र्याच्या रसातलं लोह

"लोहाचं टॉनिक, गोळ्या, असलं काही चालू होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो!" समोर बायकोशेजारी बसलेला पेशंट हसला. "वर्ष झालं, औषधाचा थेंब जिभेला लागलेला नाही. माझा डॉक्टर वर बसलाय."

"त्यानेच तुम्हाला खाली माझ्याकडे पाठवलं असेल," बाई म्हणाल्या आणि कागदावर 'नाही' असं लिहिलं.

शेजारच्या खुर्चीत त्याच्या बायकोने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

नवरा पुस्तकं बांधायचा. सगळे त्याला बाइंडर म्हणत. ती याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत अठरा वर्षं लोकांचं रक्त तपासत होती. नमुन्याशिवाय आकडा नाही, हा तिचा नियम. ओळखीच्या कुणी "अंदाजे सांग की" म्हटलं, तरी ती ओठ मिटून घ्यायची.

गेल्या वर्षी बाइंडर थकायला लागला. जिना चढताना मध्येच थांबायचा. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं सुजली, शिवणीचा दोरा ओढताना तोंडातून 'स्स' निघायचं. तिने तीनदा तपासायला रक्त मागितलं. तिन्ही वेळा त्याने हात मागे घेतला.

"चर्चच्या मंडळीने तेल लावून प्रार्थना केलीय. आता सुई टोचून देवाची परीक्षा घ्यायची का?"

रोज संध्याकाळी दोघं गुडघे टेकत. "प्रभू, ह्यांच्या अंगात शक्ती भर," ती मनापासून म्हणायची. आमेन म्हणायची. आणि सकाळी त्याच्या संत्र्याच्या रसात दोन चमचे लोहाचं सिरप ढवळायची. माणूस थकतो म्हणजे रक्त कमी, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. संत्रं अशासाठी, की त्याने सिरपची चव लपते आणि लोहही जास्त शोषलं जातं. हे तिला पक्कं ठाऊक होतं. दहा महिने.

मग चर्चच्या पाळकबाईंचं ऑपरेशन ठरलं आणि उपासनेनंतर रक्त हवं असल्याचं सांगितलं गेलं. बाइंडर पहिला उठला.

"स्वतःच्या पायात त्राण नाही आणि निघाले रक्त द्यायला!" ती म्हणाली.

"अगं, स्वतःसाठी सुई टोचणं वेगळं, दुसऱ्यासाठी वेगळं."

पुढच्या आठवड्यात तो न थांबता जिना चढला. वर जाऊन त्यानेच मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं. घरात त्याला केवढा आनंद! तिला मात्र हिशोब लागेना. रक्त दिलेला माणूस अधिक थकायला हवा होता. "आता तरी तपासू द्या," ती म्हणाली, आणि त्या आनंदात त्याने हात पुढे केला.

लोहाच्या साठ्याचा आकडा तिने यंत्रावर तीनदा काढला. तिन्ही वेळा तो कितीतरी पट जास्त आला. डॉक्टरीणबाईंनी निदान केलं, हा जन्मजात आजार. शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषतं आणि यकृतात, सांध्यांत साठवत बसतं. उपाय एकच, दर आठवड्याला एक पिशवी रक्त काढायचं. तिने 'भर' म्हणून मागितलं होतं. देवाने एका आजारी बाईच्या निमित्ताने काढून घेऊन दाखवलं होतं. आणि ती रोज सकाळी, चमच्याने मोजून, देवाच्या हाताविरुद्ध ओतत होती.

त्या दिवशी उरलेलं सिरप तिने मोरीत ओतलं. कुणाला काही कळलं नाही.

चौथी पिशवी शनिवारी होती. सुई तिनेच लावली. बाइंडर छताकडे बघत खुशीत बोलत होता.

"उद्या मंडळीत साक्ष देतोय. सांगणार, औषधाचा एक थेंब न घेता..."

"असं म्हणू नका."

"का? खोटं आहे का?"

"खोटं आहे." पिशवी हलवणारा तिचा हात थांबला. "मी तुमच्या रसात लोहाचं सिरप घालत होते. दहा महिने. रोज."

तो उठू लागला. "हलू नका, सुई आहे," ती सवयीने म्हणाली आणि त्या सवयीचीच तिला लाज वाटली.

"म्हणजे आगीत तेल ओतत होतीस? तेही मला न सांगता?"

"हो."

"आणि संध्याकाळी माझ्या शेजारी गुडघे टेकून..."

"मागायचे, पण उत्तराची वाट बघायला मला भीती वाटायची." ती म्हणाली. "नमुना नसताना मी रिपोर्ट दिला. तुमच्याच बाबतीत."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तीनदा मागितलं होतंस," तो भिंतीलाच म्हणाला. "मी दिलं नाही. नकार देणारा तुझा मूर्ख नवरा होता, देव नव्हे." मग वळला. "पण म्हणून तू सुटली नाहीस हं. मी रागावलोय. खूप."

"रागवा."

"बाईंना सांगितलंस?"

तिने मान हलवली. नाही.

"आधी सांगून ये."

पिशवी भरली होती. तिने सुई काढली, कापूस दाबला, त्याला कोपर दुमडायला लावलं आणि पुढच्या खोलीत गेली. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि चष्मा काढला. मग यकृताची तपासणी पुन्हा लिहून दिली. "भरून येईल बहुतेक," त्या म्हणाल्या. "पण पिशव्या वाढतील. आणि तुम्ही इथे काम करता, म्हणून जास्त राग येतोय मला."

ती परतली तेव्हा बाइंडर खाटेच्या कडेला पाय सोडून बसला होता.

"किती वाढतील?"

"आठ. दहाही."

"सगळ्या तूच काढायच्या." तो उठला, तोल सावरायला त्याने तिचा खांदा धरला. "उद्या मी पाळकबाईंच्या रक्ताचं सांगेन. तेवढंच. सिरपचं तू सांगायचं की नाही, ते तू आणि देव बघा."

त्याचा हात खांद्यावर जड होता. तिने तो काढला नाही. दोघं हळूहळू दाराकडे निघाले. उद्या मंडळीपुढे उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते ती मनात जुळवू लागली.