दहाव्याचा बगळा

काशीरामचा दहावा उन्हं चढायच्या आत उरकायचा, असं महादूने ठरवलं होतं. काशीराम त्याचा थोरला भाऊ खरा, पण दुपारी होडी बघायला मालवणहून गिऱ्हाईक यायचं होतं, आणि गिऱ्हाइकाला दहावा-बारावा कोण सांगणार? कागदावर होडी दोघा भावांची. पण तिच्यावर जन्मभर राबला तो काशीराम. महादू वाटा घ्यायच्या वेळेला तेवढा हजर असायचा. आता पर्यटकांना समुद्रात सुसाट फिरवणाऱ्या कुणा मालकाला ती देऊन टाकायची, हे त्याने भावाचं सुतक फिटायच्या आधीच पक्कं केलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

काशीरामची एकुलती मुलगी वर्षाली हे सगळं जाणून होती. तिलाही होडी हवी होती, पण चालवायला. कणकवलीच्या कॉलेजातून परत आल्यापासून ती बापाबरोबर तोंडवलीच्या खाडीत पाहुण्यांना पक्षी दाखवायला न्यायची. बाप वल्ही मारायचा, ती नावं सांगायची. "माज्या मागसून होडी वर्षाली चलवतली," असं काशीराम अख्ख्या वाडीला सांगून गेला होता. वाडीने ते ऐकलंही होतं. पण मेलेल्या माणसाचं बोलणं आपण ऐकलं होतं, हे कबूल करायला पुढे कोण येतो?

खाडीच्या तोंडाशी वाळूवर केळीच्या पानावर पिंड मांडला होता. मुलगा नाही, म्हणून क्रिया महादूच्या हातून. बायका मागे सुरूच्या सावलीत बसल्या होत्या. पिंडाला कावळा शिवला की गेलेला सुखाने गेला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा अडकलीय. मग घरच्यांनी एकेक इच्छा तोंडाने बोलून कबूल करायची, कावळा येईपर्यंत. आणि पिंडासमोर, चार माणसांत दिलेला शब्द मागे घ्यायचा नाही. ही वाडीची रीत.

कावळे सुरूवर बसले होते आणि हलायला तयार नव्हते.

महादूला आपल्याकडून काय वदवलं जाणार हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो तयारीने आला होता. त्याने खिशातून पुडी काढली आणि पिंडाशेजारी एक ताजी तारली ठेवली.

"अहो, सुतकात मासा?" भटजी म्हणाले.

"दादाक तारली आवडायची."

भटजींनी तोंड फिरवलं. कोकणात भटजीला अशा बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत.

सगळे मागे सरले. पाणी उन्हात नुसतं तळपत होतं, डोळे उघडे ठेवणं कठीण. तेवढ्यात एक काळा पक्षी उतरला, पानावर चालत गेला, त्याच्या पायाखाली पिंडाची कड ढासळली, तारली चोचीत धरून तो उडाला आणि खारफुटीकडे दिसेनासा झाला.

"शिवलो, शिवलो," महादूचा मुलगा रविराज ओरडला. महादूने इतक्या झटकन हात जोडले की भटजीही दचकले. सुंठीवाचून खोकला गेला होता. माणसं कपडे झटकत उठायला लागली.

वर्षाली मात्र तो पक्षी उतरायच्या आधीच, हा कावळा नव्हे, हे समजून चुकली होती. ती उठायला लागली तशी आईने, कृष्णाबाईने, तिचा हात धरला.

"गप रव गो. झाला ता झाला."

इतके दिवस वर्षाली रडत होती. त्या क्षणी तिला रडू आलं नाही, संताप आला. ज्या माणसाने खाडीतला एकेक पक्षी ओळखायला जीव लावला, त्याला त्याच्याच दहाव्याला खोटा पक्षी दाखवून वाटेला लावत होते. तिने हात सोडवला आणि सरळ बाप्यांमध्ये जाऊन उभी राहिली.

"काका, तो कावळो न्हय."

"काळो होतो. माज्या डोळ्यांनी बघलंय."

"काळो होतो. पाय बघल्यात? कावळ्याक इतके लांब पाय खंय आसतत? आणि बोटां पिवळी. गळ्याखाली सफेद. मान घडी करून उडालो आणि पाय मागे लांब सोडलेले. तो समुद्री बगळो."

"बगळो सफेद आसता," रविराज म्हणाला, आणि दोघे-तिघे हसले.

"ह्यो दोनय रंगाचो आसता. एकाच घोळक्यात काळो आणि सफेद."

यावर काशीरामनेही तिच्याशी एक अख्खा हंगाम वाद घातला होता. सफेद तो बगळा, काळा तो दुसरा कोणीतरी, असं त्याचं म्हणणं. मग खारफुटीत एकाच घरट्यावर त्याला एक काळा आणि एक पांढरा दिसला, दोघंही पिल्लांना भरवताना. तेव्हापासून पाहुणे होडीत बसले की तो तिच्या आधीच सुरू करायचा: रंग मगे बघा, पैले पाय बघा, चोच बघा, चाल बघा.

"मी ह्या खाडीत जल्माक इलंय," महादू म्हणाला. "माका तू कावळो शिकयतंस?"

उत्तर सुरूखालून आलं. म्हातारी काशीबाई, जिने सगळी हयात मासे विकण्यात घालवली, पान चघळत म्हणाली, "मासो ठेवलंस तर बगळोच येतलो, महादू. कावळ्याक भात पुरता."

आता मात्र सगळी वाडी हसली. दहाव्याला हसू नये म्हणतात, पण हसली.

महादू लालबुंद झाला. "भटजीनू, दर्भाचो कावळो करा आणि लावा. उन्हात किती वेळ बसूचा?"

"दर्भाचा करता येतो," भटजी म्हणाले. तारलीचा राग त्यांच्याही मनात होताच. "पण आधी इच्छा विचारायची असते. तेवढं तुम्ही करा."

महादू पिंडासमोर उभा राहिला. "दादा, तुज्या बायलेक आमी सांभाळतलंव." सुरूवरचे कावळे ढिम्म. "तुजो बारावो थाटात घालतलंव." एका कावळ्याने मान खाजवली. त्यापुढे महादूला इच्छा सुचेना. पुढची कोणती ते सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे वाळूकडे बघत होते.

वर्षाली त्याच्या बाजूला, पिंडाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. तिथे बाईमाणूस उभं राहिलेलं वाडीने कधी पाहिलं नव्हतं.

"तुमका सांगूक येना नाय तर मी सांगतंय. तुमी मागसून म्हणा. होडी इकूची नाय. होडी वर्षाली चलवतली."

महादूने आजूबाजूला बघितलं. कुणीतरी पोरीला गप्प करेल अशी त्याला आशा होती. कुणी हललं नाही. शेवटी तो काहीतरी पुटपुटला.

"माका आयकाक येना नाय," काशीबाई म्हणाली.

"होडी इकूची नाय," महादू खेकसला. "होडी वर्षाली चलवतली. झाला?"

सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. वर्षालीचीही गेली. तिला स्वतःचाच राग आला, पण गेली. बाबांनी आता यावं, असं तिला फार वाटलं.

कावळा आला नाही.

बऱ्याच वेळाने भटजींनी दर्भ वळला, त्याचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि मंत्र आटपला. महादूच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आलं.

"बघलंस मा? कावळो इलो नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हणजे दादाची ती इच्छा नव्हतीच. मगे माजो शब्द खंयचो?"

शब्द मागे घ्यायचा नाही ही रीत खरी, पण कावळाच आला नाही तर शब्दाचं काय, हे रीतीत कुठेच नव्हतं.

"नसात बाबांची," वर्षाली म्हणाली. "माजी आसा. आणि मी जिती आसंय."

ती महादूसमोरून काठाला लावलेल्या होडीकडे गेली, दोर सोडला आणि खांदा लावून ढकलायला लागली. एकटीने होडी हलेना. मागून वाळूत पावलं वाजली. कृष्णाबाईने पदर खोचला आणि होडीची दुसरी बाजू धरली.